पोटातली मखमल

बेकरीच्या बरोबर वर घर असलेल्या माणसालाच गहू वर्ज्य व्हावा, हा योगायोग की कुणी मुद्दाम केलेली थट्टा, याबद्दल बाइंडररावांचं मत दिवसातून एकदा तरी बदले. सकाळी खालची भट्टी तापली आणि ताज्या पावाचा वास जिना चढून त्यांच्या उशाशी येऊन बसला, की ती थट्टाच वाटे. दुपारी वाचनालयात, फाटक्या पुस्तकांच्या ढिगाआड, डोळे मिटून तोच वास आठवत बसलं की योगायोग वाटे, आणि तो फारसा वाईटही वाटत नसे.

डोळे मिटून बसणं हा त्यांचा जुना छंद. शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या पुस्तक-दुरुस्ती विभागाचे ते प्रमुख होते. विभागात दुसरं कुणी नसल्यामुळे प्रमुखपदाला धोका नव्हता. तळघरातली लांबट खोली, छताजवळ एक आडवी खिडकी, आणि तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. त्या पायांना धड जोडण्यात, त्या धडांना स्वभाव देण्यात आणि त्या स्वभावांची आपसात लग्नं लावण्यात बाइंडररावांची दुपार जाई. हात मात्र आपलं काम चोख करत. सुई, दोरा, दाबयंत्र आणि शेगडीवर शिजवलेली खळ. खळीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेत नसत. त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं की खळ डोळ्यांना फसवते, नाकालाही फसवते, आणि फसव्या खळीने चिकटवलेलं पुस्तक वाचकाच्या हातात मान टाकतं. बाइंडररावांच्या पुस्तकाने आजवर मान टाकली नव्हती. टाकली ती स्वतः बाइंडररावांनीच.

आधी जिना चढताना दम लागू लागला. मग जेवण झालं की पोट असं फुगे की शर्टाची बटणं उघड उघड नाराजी दाखवत. चेहरा जुन्या कागदासारखा पिवळट दिसू लागला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण त्या पोटात जाऊन कुठे दडी मारत होत्या कोण जाणे, रक्तात काही उतरत नव्हत्या. घरच्यांनी आणि दारच्यांनी सगळा दोष त्यांच्या तंद्रीला दिला. माणूस जागाच नसेल तर रक्त तरी कशाला धावपळ करील, असं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं म्हणणं पडलं.

शेवटी बाईंनी त्यांना पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणजे बाइंडररावांची पत्नी. हायस्कुलात गणित शिकवत. शाळेत त्या बाई, गल्लीत बाई, आणि मनातल्या मनात बाइंडररावसुद्धा त्यांना बाईच म्हणत. परीक्षेच्या दिवसांत त्या वर्गात नुसत्या फिरल्या तरी मुलांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या आपोआप खाली पडत, अशी त्यांची ख्याती होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग दुर्बिणीची नळी गिळायला लावून आतड्याचा इवलासा तुकडा काढून घेतला. नळी गिळतानाचं बाइंडररावांचं रूप बाईंनी पाहिलं होतं, आणि त्यांनी ते पाहिलेलं आहे हे बाइंडररावांना ठाऊक होतं. 

निदान निघालं सिलिअ‍ॅकचं. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, लहान आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्या मखमलीची बारीक बारीक लव अन्नातलं सत्त्व टिपून घेते. गव्हात आणि जवासारख्या एकदोन धान्यांत ग्लूटेन नावाचं एक चिवट प्रथिन असतं, ते कुणालाच पुरतं पचत नाही. त्याचे मोठाले तुकडे तसेच राहतात आणि अस्तरातून आत शिरतात. तिथे शरीराचाच एक कारागीर त्या तुकड्यांना जरासं बदलतो. बहुतेकांच्या शरीरातले पहारेकरी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण काहींचे पहारेकरी जन्मापासूनच अशा घडणीचे असतात की तो बदललेला तुकडा त्यांच्या हातात नेमका बसतो. मग ते शत्रू शत्रू म्हणून बोंब ठोकतात, फौज येते, आणि शत्रू बाजूलाच राहून आपल्याच मखमलीची लव कापली जाते. लव गेली की लोहाच्या गोळ्या टिपणार कोण?

बाईंनी विचारलं, जन्मापासून पहारेकरी असेच होते तर पन्नाशी का उजाडावी लागली? डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की तशी घडण पुष्कळांची असते, पण आजार थोड्यांनाच होतो. एखादा जंतुसंसर्ग किंवा दुसरंच काहीतरी निमित्त होत असावं, नेमकं काय ते अजून पुरतं कळलेलं नाही. बाईंना अपुरं सुटलेलं गणित आवडत नसे.

बाइंडररावांना मात्र मखमल लगेच कळली. वाचनालयात मखमली पुठ्ठ्याचे जुने ग्रंथ होते. अंगठा टेकून टेकून त्यांना एका जागी टक्कल पडलेलं असे. आपल्या पोटात तसं टक्कल आहे, या विचाराने त्यांना स्वतःविषयी फार माया वाटली. ते तंद्रीत गेले. त्यांना दिसलं की आपण एका लांबलचक मखमली दालनातून चालतो आहोत, कोपऱ्याकोपऱ्यात पहारेकरी उभे आहेत, आणि आपल्या बगलेत एक गरम पाव आहे. पहारेकऱ्यांना ते सांगत होते की हा पाव नाही, ग्रंथ आहे. पहारेकरी पानं उलटून बघणार तेवढ्यात बाईंनी कोपर मारलं. डॉक्टरीणबाई औषध सांगत होत्या. औषध एकच होतं, गहू खायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कणभरही नाही.

त्या संध्याकाळपासून घरात जे सुरू झालं त्याला साफसफाई म्हणणं म्हणजे अपमान ठरेल. पिठाचे डबे गेले. चाळणी गेली, लाटणं गेलं, लाकडी डाव गेले, कारण लाकडात पीठ मुरतं. समोरच्या काकूंनी स्वतः उभं राहून कपाटाच्या बिजागऱ्या पुसून घेतल्या. त्यांच्या माहेरच्या कुणा भाच्याला अगदी असंच झालं होतं, फक्त ते पोटात नसून गुडघ्यात होतं. पोस्टमास्तरांना हा आजारच मान्य नव्हता. त्यांच्या नोकरीच्या काळात असा आजार एकदाही टपालातून आला नव्हता. तरी माघार घेतो तो पोस्टमास्तर कसला. त्यांनी आयुष्यभर जिभेने तिकिटं चिकटवली होती, आता तिकिटाच्या डिंकात तर गहू नसेल ना, अशी शंका त्यांनीच काढली आणि स्वतःच घाबरले. बाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारून डिंक निर्दोष असल्याची खात्री करून घेतली. बाइंडरराव मात्र बराच वेळ हसत होते.

"मास्तर, डिंक, खळ, सरस ही काय खायची वस्तू आहे?" ते म्हणाले. "माणूस जिभेला आवर घालू शकत नाही म्हणजे कमाल झाली."

सगळ्यात मोठी गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही. दर रविवारी सकाळी बाई आणि बाइंडरराव खालून एक पाव आणून गॅलरीत बसून खात. कडेचा खरपूस भाग बाईंचा, मधला मऊ भाग बाइंडररावांचा. लग्न झाल्यापासून ही वाटणी ठरलेली होती आणि तिच्यावर कधी चर्चाही झाली नव्हती. बाईंनी त्या आठवड्यापासून पाव बंद केला. स्वतःचासुद्धा. त्याबद्दल विचारायचं बाइंडररावांना धाडस झालं नाही.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. प्रतिपिंडं, म्हणजे त्या फौजेच्या खुणा, उतरायला हव्या होत्या. त्या किंचित उतरून तिथेच बसकण मारून राहिल्या होत्या. पुन्हा काही महिने गेले, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई सौम्यपणे म्हणाल्या की कुठून तरी गहू पोटात जातोय. त्या बाइंडररावांकडे बघत होत्या. बाईही बाइंडररावांकडेच बघू लागल्या. बाइंडररावांनी शपथेवर सांगितलं की मी कणभरही खाल्लेलं नाही, आणि ते बोलणं त्यांच्या मते शंभर टक्के खरं होतं.

नेमक्या त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक नवी वाट दाखवली. जगात या आजारावर बरंच काही शिजतं आहे, त्या म्हणाल्या. कुणी शरीरातल्या त्या कारागिराचे हात बांधणारं औषध शोधतंय, म्हणजे तुकडा बदलायलाच नको. कुणी पहारेकऱ्यांना शहाणं करायच्या मागे आहे, गहू दिसला तर गप्प बसा म्हणून. कुणी अशी गोळी करून बघतंय की जी ग्लूटेनचे पोटातच बारीक तुकडे करील. यातलं दुकानात अजून काही मिळत नाही, सगळं चाचणीत आहे. पण मोठ्या रुग्णालयात त्या गोळीची चाचणी सुरू होणार आहे. त्यात माणसाला गोळी देतात आणि तिची परीक्षा म्हणून रोज एक छोटं बिस्किट खायला देतात. गव्हाचं.

त्यानंतरचं बाइंडररावांना काही ऐकू आलं नाही. शास्त्राच्या हुकमावरून, डॉक्टरांच्या देखत, पांढऱ्या ताटलीत गव्हाचं बिस्किट. त्या दिवशी खिडकीतून जाणारे सगळे पाय त्यांना बेकरीच्या दिशेने जाताना दिसले. स्वप्नात त्यांनी ते बिस्किट इतक्या वेळा खाल्लं की त्याच्या कडांची नक्षीसुद्धा पाठ झाली.

चाचणीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाने त्यांना जमिनीवर आणलं. त्याला दोन दाखले हवे होते. एक, हा माणूस आजारी असल्याचा. दुसरा, हाच माणूस पथ्य पाळून बरा झाल्याचा. बाइंडररावांनी विचारलं की आजारी आणि बरा एकाच वेळी कसं असायचं. कारकून म्हणाला, ते तुम्ही बघा, आमच्याकडे दोन रकाने आहेत. शिवाय रक्तातल्या खुणा उतरलेल्या हव्यात, आणि गेले काही महिने गव्हाचा कणही पोटात गेलेला नाही, अशी घरातल्या जबाबदार व्यक्तीची सही हवी. खुणा वेळेत उतरतील, निदान सही तरी घेऊन ठेवावी, म्हणून बाइंडरराव कागद घेऊन घरी गेले आणि तो बाईंसमोर ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही करत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं मी म्हटलं नाही. रक्त म्हणतंय."

बाइंडररावांना हे फार लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यावर वेंधळेपणाचे, विसराळूपणाचे, दूध उतू जाऊ दिल्याचे पुष्कळ आरोप झाले होते आणि ते सगळे त्यांनी आनंदाने कबूल केले होते. पण चोरून खाण्याचा आरोप पहिलाच होता, आणि हा एकच आरोप असा होता की जो खरा असता तर निदान पाव तरी पोटात गेला असता. ते दोन दिवस घरात पाहुण्यासारखे वागले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर वाचनालयात चल. दिवसभर समोर बस. माझ्यावरून नजर हलवू नकोस."

हे रागात म्हणायचं असतं आणि समोरच्याने नको नको म्हणायचं असतं, हा संसारातला साधा नियम. बाईंनी शाळेत रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तळघरातल्या स्टुलावर, मांडीवर पर्स ठेवून, परीक्षेच्या हॉलमध्ये बसतात तशा बसल्या. बाइंडररावांना आधी फार अवघडल्यासारखं झालं. मग हळूहळू बरं वाटू लागलं. इतक्या वर्षांत बाई इथे कधी आल्याच नव्हत्या. त्यांनी दाबयंत्र दाखवलं, मखमलीचा टक्कल पडलेला ग्रंथ दाखवला, खिडकीतले पाय दाखवले आणि त्यातल्या कुणाचं कुणाशी जमवलं आहे तेही सांगून टाकलं. बाईंच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. नजर मात्र हलली नाही. बाइंडररावांना वाटलं की दिवस असाच सरावा, सही मिळो न मिळो. त्या खुशीत त्यांनी खळीचं भांडं ओढलं, झाकण काढलं आणि कामाला लागले.

थोड्या वेळाने खळीत पाणी घालून त्यांनी ती ढवळली, आणि बाई उठून जवळ आल्या.

"आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"मघाशीही केलंत. बोट तोंडात घातलंत."

"छे," बाइंडरराव म्हणाले. मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. ते ओलं होतं. "हां, ते होय. खळ बघितली. आंबली की नाही बघावं लागतं. डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळत नाही. जिभेला बरोबर कळतं. उस्तादांची पद्धत आहे."

"रोज बघता?"

"रोज म्हणजे काय, दर वेळी. शिजवली की, उघडली की, पाणी घातलं की. म्हणून तर माझं पुस्तक सुटत नाही."

"आणि खळ कशाची असते?"

"आमची खळ म्हणजे बाजारातली भुकटी नव्हे," बाइंडरराव अभिमानाने म्हणाले. "तीन वेळा चाळलेल्या, उत्तम प्रतीच्या गव्हाच्या..."

 खिडकीतून एक चपलांचा जोड गेला, मग एक बुटांचा गेला. बाइंडरराव भांड्यात बघत होते. ते खोटं बोलले नव्हते. काय खाता असं डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं होतं आणि त्यांनी खरं ते सांगितलं होतं. खळ ते खात नव्हतेच. नाकावर घसरलेला चष्मा आपण दिवसातून किती वेळा वर सारतो, हे तरी कुणाला सांगता येतं?

त्यांना स्वतःचा राग आला नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतके महिने आपण रोज गहू खात होतो, आणि त्याचा एकदाही आनंद घेतला नाही.

बाई मात्र स्टुलावर बसून रडत होत्या. मग रडता रडता त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना.

"मी तुमचे शर्ट हुंगत होते," त्या म्हणाल्या. "धुवायला टाकायच्या आधी. रोज. पावाचा वास येतो का म्हणून. सगळ्या शर्टांना खळीचाच वास यायचा, आणि मला वाटायचं, हे बिचारे काम करतात आणि मी हे काय करते आहे."

बाइंडररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग आपलं बोट आठवून तो घाईने काढून पँटला पुसला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची वळवून थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. वळल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. त्यांनी खळ बदलायला सांगितली. ऐकायला हे सोपं वाटतं, पण वाचनालयाच्या नियमात खळ गव्हाची असं छापलेलं होतं. तांदळाच्या खळीसाठी अर्ज मुख्य कार्यालयात गेला. तिथून विचारणा आली की आजार पुस्तकांना आहे की कर्मचाऱ्याला. कर्मचाऱ्याला, असं कळवल्यावर दुसरी विचारणा आली की मग खळ बदलण्याऐवजी कर्मचारी बदलता येईल काय. दरम्यान बाइंडरराव तोंडावर रुमाल बांधून काम करत, म्हणजे पिठाची धूळही नको आणि जिभेचा मोहही नको. तरी बोट सवयीने वर जाई आणि रुमालावर नाकाखाली खळीची मिशी उमटे. पोस्टमास्तरांनी त्यांना एकदा त्या अवतारात पाहिलं आणि हा आजार संसर्गजन्य असल्याचं सगळ्या इमारतीला कळवलं. समोरच्या काकूंनी बिजागऱ्या पुन्हा पुसल्या, या वेळी स्वतःच्या.

पुढे परवानगी आली. तांदळाची खळ पहिल्यांदा शिजली तेव्हा बाइंडररावांनी मनोमन उस्तादांची क्षमा मागून ती चाखली. तिला अक्कल कमी होती, पण स्वभावाने ती गरीब होती. रक्तातल्या खुणा हळूहळू उतरू लागल्या. जिना चढताना दम लागेनासा झाला. मखमलीला पुन्हा लव फुटत असावी, कारण दुपारच्या तंद्रीत बाइंडररावांना अलीकडे त्या दालनात गवत उगवल्यासारखं दिसे, आणि पहारेकरी त्यावर आडवे होऊन डुलक्या काढताना दिसत.

मग एका संध्याकाळी बाईंनी स्वतःच तो कागद मागून घेतला, पेन झटकलं आणि सही केली. तारीख मात्र खळ बदलल्यापासूनचीच घातली, कारण त्या गणिताच्या बाई होत्या. कारकुनाने दोन्ही रकाने भरले आणि सांगितलं की ही तुकडी भरली, पुढची तुकडी निघाली की कळवू. बाइंडररावांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. सही झाली होती.

त्यानंतरच्या रविवारी ते बाईंना घेऊन खाली उतरले. घरात कण नको म्हणून बेकरीच्या दाराबाहेरच्या बाकावर त्यांना बसवलं, आतून गरम पाव आणवला आणि तो हात न लावता कागदासकट त्यांच्यासमोर ठेवायला लावला. बाई नको म्हणाल्या. बाइंडरराव म्हणाले की मला वास पुरे, तू खा. बाईंनी कडेचा खरपूस भाग तोडून खाल्ला. किती दिवसांनी खाल्ला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मधला मऊ भाग त्यांनी सवयीने बाजूला ठेवला, बाइंडररावांच्या बाजूला, आणि मग दोघंही त्याच्याकडे बघत बसले. त्यातून अजून वाफ येत होती.

"तोही खा," बाइंडरराव म्हणाले. "आणि कसा लागतो ते मला सांग."

बाईंनी इतक्या वर्षांत तो कधी खाल्ला नव्हता. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि विचार केला.

"मऊ आहे."

"एवढंच?"

बाईंना गणितापलीकडचं बोलायची सवय नव्हती. त्यांनी आणखी एक तुकडा खाल्ला. मग डोळे मिटले, जे त्या दिवसाउजेडी कधी करत नसत. गिऱ्हाइकं येत जात होती. बाइंडरराव थांबले.

"तुम्ही दुपारी खिडकीकडे बघत बसता ना," बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तसं वाटतं."

बाइंडररावांनीही डोळे मिटले. त्यांना चव अगदी बरोबर कळली.